माया सोडायची म्हणजे नेमके काय करायचे?

वसईकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय ६४, पती जाऊन दोन वर्षे होत आली. मुलगा, सून आणि नात कॅनडात. इथे दुमजली घर, मागे विहीर आणि केळीची लहानशी वाडी. मुलगा म्हणतो, विकून टाक आणि इकडे ये. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या सुरुवातीला एका प्रार्थनासभेत त्यांनी ऐकले की घर, जमीन, मुले यांची माया म्हणजे मूर्तिपूजाच. ज्याला देव हवा त्याने माया सोडली पाहिजे. तेव्हापासून त्यांनी त्याग म्हणून मुलाला फोन करणे बंद केले आहे. त्या लिहितात, "फादर, सगळे सोडायचा प्रयत्न करते आहे. पण कपाटातले ह्यांचे शर्टसुद्धा मला काढवत नाहीत. मीच शिवलेले आहेत सगळे. मग माझे देवावर प्रेमच नाही का? माया सोडायची म्हणजे नेमके करायचे तरी काय?"

ताई, आधी मुलाला फोन करा. बाकीचे उत्तर नंतर वाचलेत तरी चालेल.

उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारानंतरच्या शुक्रवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ५८व्या अध्यायाचे वाचन असते. तुम्ही ते दरवर्षी ऐकत आला आहात. देवाला कोणता उपवास आवडतो ते त्यात सांगितले आहे: भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्यावा, उघड्याला वस्त्र द्यावे, आणि आपल्या रक्तामांसाच्या माणसापासून तोंड लपवू नये. हे शेवटचे वाक्य तुमच्यासाठी आहे. उपवास आपल्या ताटातला करायचा असतो. तुम्ही फोन बंद केलात तेव्हा मुलाचेही ताट उचललेत, आणि त्याला का ते सांगितलेही नाहीत. आईला काय झाले म्हणून तो तिकडे घोर लावून बसला असेल. तुम्ही हे मनापासून, देवासाठी केलेत, याची मला पुरेपूर खात्री आहे. म्हणूनच एवढ्या तातडीने सांगतो आहे.

मी तीसेक वर्षे रिट्रीट देतो आहे. आठ-आठ दिवस मौन पाळणाऱ्या माणसांचे रोज अर्धा तास ऐकून घ्यायचे, हेच माझे मुख्य काम. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. 'सोडा' एवढाच शब्द कानावर पडला की माणूस जे सगळ्यात कोवळे असते तेच तोडायला धावतो. राग तसाच राहतो, मानापमान तसाच राहतो, बांधावरून भावाशी धरलेला अबोला तसाच राहतो. तुटते ते लेकराचे नाते, कारण तिथे दुखते, आणि दुखले म्हणजे त्याग झाला असे आपल्याला वाटते.

आता माया सोडा म्हणताना पुढे केले जाणारे वचन पाहू. "जगावर व जगातल्या गोष्टींवर प्रीती करू नका." योहानाच्या पहिल्या पत्रातला हा दुसरा अध्याय. याच योहानाच्या नावाने असलेल्या शुभवर्तमानात तिसऱ्या अध्यायात आपण काय वाचतो? "देवाने जगावर एवढी प्रीती केली की त्याने आपला एकुलता एक पुत्र दिला." तेच 'जग', तीच 'प्रीती'. मूळ ग्रीकमध्येही दोन्हीकडे तेच शब्द आहेत. म्हणजे देवाने ज्यावर प्रीती केली त्यावर आम्ही करायची नाही, असा याचा अर्थ होईल का? होणार नाही. योहान पुढच्याच ओळीत स्वतः उलगडून सांगतो की जगातले म्हणजे काय: देहाची वासना, डोळ्यांची वासना आणि संसाराविषयीची फुशारकी. त्यात मुलगा नाही, विहीर नाही, केळीही नाहीत. हव्यास आहे, दुसऱ्याचे पाहून जळणारी नजर आहे, आणि 'माझ्याकडे बघा काय काय आहे' ही ऐट आहे.

हेच पत्र पान उलटून तिसऱ्या अध्यायापर्यंत वाचावे. तिथे तो विचारतो, जवळ संसाराची साधने असून आपला भाऊ गरजवंत आहे हे दिसत असता जो त्याचा कळवळा येऊ देत नाही, त्याच्या ठायी देवाची प्रीती कशी राहील? वरच्या 'संसाराविषयीची फुशारकी'त आणि इथल्या 'संसाराची साधने'त 'संसारा'साठी, म्हणजे उपजीविकेसाठी, ग्रीकमध्ये एकच शब्द आहे. घर असणे हा योहानाचा आक्षेप नाही. घराचे दार गरजवंताला उघडते की नाही, हे तो पाहतो. आपली आसक्ती किती सुटली हे मोजायला माझ्या माहितीत याहून सोपे माप नाही. मनात काय वाटते ते तासागणिक बदलते, पण दार उघडले की नाही हे शेजाऱ्यालाही दिसते.

आपल्या मराठीत आणखी एक गुंता आहे, आणि प्रवचनात तो हमखास होतो. 'माया' म्हटले की आपल्या कानात तीन अर्थ एकदम वाजतात. एक माया म्हणजे भास, जे दिसते पण नसते. दुसरी माया म्हणजे जमवलेला पैसा. अमक्याने बरीच माया केली, असे आपण म्हणतो. तिसरी आईची माया. वक्ता पहिल्या दोन मायांवर बोलतो आणि ऐकणाऱ्या आईचा हात तिसरीवर जातो. यातली पहिली ख्रिस्ती श्रद्धेत बसतच नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव एकेक वस्तू निर्माण करतो आणि 'ते चांगले आहे' असे पाहतो. सृष्टी खोटी आहे असे आम्ही मानत नाही. दुसरीबद्दल येशू फार कडक बोलला आहे. तिसरीबद्दल? आपला मित्र लाजर याच्या कबरीपाशी तो रडला. क्रुसावर, श्वास घेणे जड झाले असताना, आपल्या मागे आईने कोणाच्या घरी राहायचे याची व्यवस्था त्याने लावली. ज्याने सगळे सोडले त्याने आईची सोय केल्याशिवाय प्राण सोडला नाही.

आणि ताई, तुम्ही शिवणकाम करता, तेव्हा चौथी माया तुम्हाला मी सांगायची गरज नाही. कापड बेतताना शिवणीच्या बाजूला जादा ठेवतो तीही मायाच. आमच्या घरी आई शिवायची. माझ्या शाळेच्या सदऱ्याला ती भरपूर माया सोडायची. जूनमध्ये बेतलेला सदरा डिसेंबरात काखेत काचू लागला की शिवण उसवून पुढे घ्यायची. जुन्या शिवणीची भोके एका रेषेत दिसत राहायची, पण सदरा अंगाला बसायचा. शिवणकामात 'माया सोडणे' म्हणजे कापून टाकणे नव्हे. अंग वाढणार आहे हे धरून जागा ठेवणे. देव आईबापांना जी माया सोडायला सांगतो ती मला नेहमी या अर्थाने कळत आली आहे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बाप असाच आहे. त्याने मुलाला वाटा दिला, जाऊ दिले, मागे माणसे धाडली नाहीत. आणि मुलगा अजून दूर असतानाच त्याला तो दिसला. म्हणजे रोज वाटेकडे डोळे होते. जाऊ देणे आणि वाट पाहणे दोन्ही एकाच माणसाच्या ठायी होते, आणि येशू म्हणतो, देव असा आहे.

आता तुम्ही विचाराल, येशूने त्या श्रीमंत माणसाला 'सगळे विक' असे सांगितलेच ना? सांगितले. मार्काच्या दहाव्या अध्यायात ती गोष्ट आहे, पण तिच्यातला क्रम नीट पाहा. तो माणूस धावत येतो, गुडघे टेकतो, लहानपणापासून सगळ्या आज्ञा पाळल्याचे सांगतो. मग, "येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली." त्यानंतर, 'तुझ्यात एक उणे आहे, जा, विक, गरिबांना दे, आणि ये.' पाहिले, प्रीती केली, मग मागितले. मत्तय आणि लूकही हा प्रसंग सांगतात, पण प्रीतीचे हे वाक्य फक्त मार्काने जपून ठेवले आहे. त्या माणसाने आज्ञा ऐकली. ती नजर मात्र त्याने घेतली नसावी, म्हणून तो खिन्न होऊन गेला. रिट्रीटमध्ये मी पहिले दोन दिवस कोणालाही काही सोडायला सांगत नाही. नुसते बसा म्हणतो, देव तुमच्याकडे पाहतो आहे तेवढे सहन करा. 'सहन करा' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. पुष्कळांना ते उपवासापेक्षा जड जाते. पण ज्याच्या मुठीला कोणीतरी प्रेमाने हात लावला आहे त्याचीच मूठ सैल होते. हिसकावून घेतलेली वस्तू माणूस मनात दुप्पट घट्ट धरतो.

आणि येशूने प्रत्येकाला 'विक' म्हटलेलेही नाही. बेथानी गावातल्या मार्था-मरिया या बहिणींचे घर त्याने विकायला लावले नाही. त्या घरी तो जेवायला जात असे. योहान्ना, सुसान्ना आणि इतर स्त्रिया आपल्या पैशाने त्याची आणि शिष्यांची सेवा करत होत्या, असे लूक लिहितो. जक्कय नावाच्या जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली तीही न मागता, आणि येशू घरी आल्यावर.

त्यागाची एक बाजू आमच्या प्रवचनांत फारशी येत नाही, म्हणून इथे थांबतो. एकाच्या त्यागाची किंमत पुष्कळदा दुसरा भरतो. येशूसंघ स्थापणाऱ्या संत इग्नेशियसने १५२२ च्या मार्चमध्ये स्पेनमधल्या मोन्सेरातच्या डोंगरावर आपले उंची कपडे अंगावरून उतरवून एका भिकाऱ्याला दिले, स्वतः गोणपाटासारखे जाडेभरडे वस्त्र घातले, आपली तलवार पवित्र मरियेच्या वेदीपाशी ठेवली आणि रात्रभर जागून प्रार्थना केली. ही गोष्ट सगळे सांगतात. पुढची कमी सांगतात. सकाळी तो वाटेला लागल्यावर मागून एक माणूस धावत आला: ते कपडे तुम्हीच दिलेत का? भिकाऱ्यावर चोरीचा आळ आला होता. इग्नेशियसच्या डोळ्यांतून पाणी आले. आपल्या मोठ्या त्यागापायी एक गरीब अडकला, हे त्याच्या ध्यानातच आले नव्हते. आपल्याकडचे उदाहरण ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा केला. माणूस खरोखर निःसंग होता, मला त्यांच्याविषयी अपार आदर आहे. पण त्यांच्या सढळ हाताने घरातले दिले जायचे तेव्हा संसाराची ओढाताण कशी आणि कोणी सोसली, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त वाचावे. आईबापांच्या वाटणीचे 'हे देवाला वाहिले' म्हणून अडवून ठेवणाऱ्यांना येशूने मार्काच्या सातव्या अध्यायात सरळ सुनावले आहे: तुम्ही आपल्या परंपरेने देवाचे वचन रद्द करता. म्हणून काहीही सोडण्याआधी एवढे विचारा, हे सोडल्याने रिकामे कोण राहणार आहे? मी, की दुसरेच कोणी?

आता घराचे.

विकायचे की ठेवायचे हे मी सांगणार नाही. पण इग्नेशियसने आपल्या 'आध्यात्मिक साधने'त एक उदाहरण ठेवले आहे, त्यावर मी कित्येकांना बसवले आहे. तीन माणसे. प्रत्येकाला दहा-दहा हजार सोन्याची नाणी मिळाली आहेत, वाममार्गाने नाही, पण निव्वळ देवाच्या प्रेमापोटीही नाही. तिघांनाही जाणवते की या पैशात आपला जीव अडकला आहे. पहिला म्हणतो, यातून सुटले पाहिजे, आणि मरेपर्यंत काही करत नाही. दुसऱ्यालाही सुटायचे आहे, पण पैसा हातात ठेवून. म्हणजे देवाने आपल्याला हवे तिथे यावे अशी त्याची इच्छा. तिसरा म्हणतो, ठेवू की देऊ याची मला घाई नाही. देवाची सेवा ज्यात अधिक होईल ते मला कळू दे, तोवर मी मनाने ते सोडून दिले आहे असे समजून वागतो. लक्षात घ्या, हा तिसरा कदाचित पैसा ठेवीलही. पैसा गेला की राहिला यावर त्याचे मोकळेपण ठरत नाही.

तुमच्या बाबतीत घर विकणे हा त्यागच असेल असे नाही. विकून मुलाच्या उबेला जाणे हीदेखील ओढ असू शकते, आणि घर धरून बसणे हीही. दोन्ही बाजूंना माया आहे. म्हणून घाई करू नका. इग्नेशियसचाच नियम आहे: मन कोरडे आणि उदास असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. दोन वर्षे म्हणजे काही फार नव्हे. तुमच्याजागी तुमची एखादी मैत्रीण असती आणि तिने हेच विचारले असते, तर तुम्ही तिला काय सांगितले असते? आणि शेवटच्या दिवशी अंथरुणावर पडून मागे पाहताना, आज काय ठरवलेले असावे असे वाटेल? हे दोन प्रश्न महिनाभर रोज रात्री जपमाळेनंतर मनाशी घोळवा. उत्तर एकदम येणार नाही. पण ज्या बाजूचा विचार करून झाल्यावरही शांती टिकून राहते, ती बाजू ओळखू येऊ लागते.

वरच्या मजल्यावरची मुलाची खोली बंद आहे आणि तुम्ही दर शनिवारी ती झाडता, असेही तुम्ही लिहिले आहे. झाडत राहा. योहानाच्या पत्रातल्या दाराविषयी वर जे लिहिले ते मात्र ती खोली झाडताना एकदा आठवा.

माझेही एक सांगतो. एका धर्मग्रामात मी सात वर्षे होतो. चर्चचे छप्पर, मुलांचे वाचनालय, आवारातली आंब्याची सहा कलमे, सगळे हातचे. बदलीचे पत्र आले तेव्हा मी नव्या फादरांच्या हातात हसत किल्ल्यांचा जुडगा ठेवला. आमचे जीवनच असे, काही आपले नाही, असे बोललोही. नव्या जागी गेल्यावर पुढचे तीन आठवडे रात्री झोपताना माझा हात झग्याच्या उजव्या खिशात जायचा. खिसा हलका लागायचा. मग कळले की वाचनालयाच्या जागी तिथे दुसरे काही सुरू झाले, आणि मी इतका चिडलो की मिस्सेत त्या फादरांचे नाव घेऊन प्रार्थना करताना जीभ अडखळली. किल्ल्या दिल्या होत्या, वाचनालय दिले नव्हते. ते द्यायला मला वर्षापेक्षा जास्त लागले, आणि ते माझ्या निर्धाराने झाले नाही. नव्या गावातली माणसे माझ्यावर माया करू लागली, आणि एके दिवशी लक्षात आले की खिशाकडे हात जात नाही. तेव्हापासून 'मी सोडले' असे म्हणायला मी धजत नाही. सोडवून घेतले जाते.

संत मोनिकाची आठवण मातृसंघात निघतच असेल. तिच्याकडे पुन्हा पाहा. मुलगा ऑगस्टिन रोमला निघाला तेव्हा ती कार्थेजच्या बंदरावर त्याला धरून बसली: एक तर परत चल, नाहीतर मलाही ने. तो खोटे बोलला आणि रात्रीच्या रात्री जहाजाने निघून गेला. सकाळी ती किनाऱ्यावर एकटी. तरी ती थांबली नाही, समुद्र ओलांडून त्याच्यामागे मिलानपर्यंत गेली. पुढे ३८७ साली, घरी परतताना, ओस्तियाच्या बंदरात ती आजारी पडली. पतीशेजारी पुरून घ्यायचे म्हणून आफ्रिकेत तिने आपली जागा आधीच करून ठेवलेली. त्या जागेची तिला केवढी काळजी असायची ते ऑगस्टिनने लिहिले आहे. आणि ऐनवेळी ती मुलांना म्हणाली, हे शरीर कुठेही ठेवा, त्याची चिंता नको. फक्त जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. तीच बाई, जी बंदरावर हात सोडत नव्हती. मुलावरचे प्रेम कमी झाले म्हणून ती मोकळी झाली का? तसे मला कुठेच दिसत नाही. मुलगा देवापाशी पोचलेला तिने पाहिला होता, आणि मग कबरीची जागाही तिच्या हातून सुटली. तिच्या अंत्यविधीत ऑगस्टिनने डोळे कोरडे ठेवले, जणू रडणे श्रद्धेला शोभत नाही. नंतर एकांतात, देवासमोर, तो पोटभर रडला आणि ते त्याने लिहून ठेवले. त्याला त्याची लाज वाटली नाही, आपणही वाटून घेऊ नये.

म्हणून शर्टांचे असे करा. कपाट उघडा आणि सगळे खाली काढू नका. एकच काढा. तो कधी शिवला होता, कोणत्या सणाला, कॉलर दुसऱ्यांदा उलटवली होती का, ते देवाला सांगा, जसे शेजारणीला सांगाल तसे. रडू आले तर येऊ द्या. मग तो घडी करून परत ठेवावासा वाटला तर ठेवा. एखाद्या दिवशी हातात घेतलेला शर्ट कोणाच्या तरी अंगावर डोळ्यांसमोर दिसेल, वाडीत पाणी लावायला येणाऱ्या दादाच्या किंवा चर्चच्या दारात बसणाऱ्या म्हाताऱ्याच्या. त्या दिवशी तो मशिनवर घ्या. तुम्ही मोठी माया ठेवून शिवणाऱ्या आहात, बाजूच्या शिवणी उसवून त्याच्या अंगाप्रमाणे करून द्या. बाकीचे कपाटात राहू देत.